पलीकडची होडी



दिवाळीच्या सुट्टीनंतरचा रविवार होता. मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. एरवी वडील पुढे आणि मूल मागे असते. त्या दिवशी मुलगा पुढे होता. "फादर, याला आता तुम्हीच सांगा. आम्हाला काही सुचलं नाही," असे म्हणून वडील खुर्चीत बसले.

हे गृहस्थ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला आहेत. घराणे मूळचे मालवणचे. थोरले भाऊ अजून तिथेच असतात आणि लहान होडीवर मासेमारी करून घर चालवतात. सुट्टीत मुलाला घेऊन वडील गावी गेले होते. एकदा तरी खोल समुद्रात जायचे, असा मुलाचा हट्ट होता. आईचा विरोध होता. शेवटी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, या अटीवर परवानगी मिळाली. एका पहाटे वडील, काका आणि मुलगा असे तिघे निघाले.

पुढची हकिगत मुलानेच आम्हाला सांगितली. किनारा बारीक रेघेसारखा दिसू लागला तेव्हा काकांनी नांगर टाकला. पाणी आठ-दहा वाव खोल होते. काकांनी गरीला सुंगट लावून दोरी मुलाच्या हातात दिली. वरचे पाणी कोमट होते. पण दोरी वर ओढली की तिच्या टोकाचे शिसे माठातल्या पाण्यासारखे गार लागत होते. त्याची मुलाला इतकी गंमत वाटली की तो ते शिसे गालाला लावून बघत होता. तेवढ्यात दोरीला हिसका बसला. वर आली ती एक तांबोशी, जेमतेम वीतभर. मुलाच्या आयुष्यातला तो पहिला मासा!

काकांनी आपला हात आधी पाण्यात भिजवला, मासा हलकेच धरला, गरी सोडवली आणि मासा पाण्यात सोडून दिला. "बारको आसा," एवढेच ते म्हणाले.

मुलाला रडू फुटले. थोड्या अंतरावर दुसरी एक होडी होती आणि तिच्यावरची माणसे मिळेल ते वर घेत होती. मुलाने त्या होडीकडे बोट दाखवून विचारले, "काका, आपण सोडला तरी ते लोक पकडणारच. मग सोडून काय मिळालं?" काका म्हणाले, "तेका धरूचो आसा तर धरूंदे. माका नको." वडील म्हणाले, "गप्प बस आणि गरी टाक." पण मुलगा काही गप्प बसला नाही. फोंडा घाट चढून कोल्हापूरला येईपर्यंत त्याने तोच प्रश्न धरून ठेवला आणि अखेर तो आमच्या दारात आला.

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले. लहान जिवाला मारणे चुकीचे, निसर्ग ही देवाची देणगी, आपण तिचे राखणदार, असे सगळे सांगितले. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण फादर, मासा तर मेलाच ना?"

सेमिनरीत आम्ही काही वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. त्याची पदवीही आमच्याकडे आहे. त्या क्षणी तिचा काही उपयोग झाला नाही. "मला विचार करू दे, दोन आठवड्यांनी ये," असे सांगून आम्ही त्याला परत पाठवले. त्या दोन आठवड्यांत जो विचार केला, तो आज आपल्यापुढे ठेवत आहोत. कारण हा प्रश्न एका मुलाचा किंवा एका माशाचा नाही. "मी नाही घेतले तर दुसरा घेईल" हे वाक्य आपण सारेच वापरतो. कचेरीत टेबलाखालून पाकीट घेणारा हेच म्हणतो. मापात मारणारा हेच म्हणतो. पंचगंगेत घाण सोडणाराही हेच म्हणतो.

या वाक्यातले जे खरे आहे ते आधी मान्य करायला हवे. सोडलेला मासा दुसऱ्याच्या गरीला लागू शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सोडणाऱ्याचे नुकसान होते आणि धरणाऱ्याचा फायदा होतो. मालवणच्या लहान मच्छीमाराची गेल्या अनेक वर्षांची तक्रार हीच आहे. तो गरी आणि लहान जाळी घेऊन जातो; यांत्रिक नौका पर्ससीनच्या मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढून उचलतात. रात्री समुद्रात प्रखर एलईडी दिवे सोडले की मासा उजेडाकडे येतो आणि सगळा एकदम जाळ्यात सापडतो. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचा कायदा १९८१ पासून आहे. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्र सरकारने एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली आणि २०२१ साली राज्याचा कायदा आणखी कडक झाला. तरीही हे प्रकार चालतात, असे किनाऱ्यावरचे लोक सांगतात. अशा वेळी गरिबाने तेवढा संयम पाळावा आणि धनिकाने समुद्र उपसावा, हा न्याय नव्हे. काकांच्या होडीवर कर्ज आहे. डिझेलचे पैसे मासा मिळो न मिळो द्यावेच लागतात. वडील नोकरदार असून सुट्टीपुरते समुद्रावर गेले होते. मासा त्यांनी सोडला असता तर त्यांचे काही बिघडले नसते. सोडला तो काकांनी, ज्यांचे पोट त्यावर आहे. म्हणून या प्रश्नाला मऊ उत्तर देऊन चालणार नाही.

मग चूक कुठे आहे? प्रथम हे बघू की हे वाक्य बोलतो कोण. मुलगा आपल्या होडीतून पलीकडच्या होडीकडे बोट दाखवतो. पण पलीकडच्या होडीतून आपली होडी कशी दिसत असेल? तिथला माणूसही म्हणत असेल, "आपण सोडला तर ते तिघे धरतीलच." दोघांची बोटे एकमेकांकडे आणि मासे दोघांच्या टोपलीत! ज्या 'दुसऱ्या'च्या नावाने आपण मासा घेतो, तो दुसरा दुसऱ्याच्या दृष्टीने आपणच असतो. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट याची कसोटी सर्वांना ठाऊक आहे: जो नियम मी माझ्या वागण्याला लावतो, तो सगळ्यांनी लावावा असे मला म्हणता येईल का? "दुसरा घेईल म्हणून मी घेतो" हा नियम सर्वांनी लावला तर थोड्याच वर्षांत तांबोशीही उरणार नाही आणि नियमही उरणार नाही. कारण घेण्यासारखे काही शिल्लक राहणार नाही.

दुसरी गोष्ट. मासा मरणे ही एक घटना आहे. मी मासा मारणे ही वेगळी. जगात काय घडले, एवढाच हिशेब आपण ठेवला तर दोन्ही सारखेच. पण माणूस केवळ घटनांचा हिशेबनीस नाही, तो कर्ताही आहे. वाटेत पडलेले पाकीट मी उचलले नाही तर मागून येणारा उचलेल, हे कदाचित खरे असेल. तेवढ्याने ते पाकीट माझे होत नाही. काकांचे "माका नको" हे नुसते दोन-दोन अक्षरी शब्द नव्हेत, तो एक पूर्ण युक्तिवाद आहे, असे आता आम्हाला वाटते. समुद्रात काय होईल ते त्यांच्या हाती नव्हते. त्यांचा ओला हात मात्र त्यांच्या हाती होता.

इथे एक धोका आहे, तोही सांगायला हवा. "माझे हात स्वच्छ आहेत ना, मग बस्स" ही वृत्तीही फारशी चांगली नाही. मासा सोडून समाधानाने घरी जायचे आणि समुद्र रिकामा होत असताना स्वतःच्या पुण्याकडे बघत बसायचे, हा एक प्रकारचा अहंकारच आहे. मुलाने आमची पहिली शिकवणूक नाकारली ती बहुधा म्हणूनच. त्याला आपल्या पुण्याची काळजी नव्हती, माशाची होती. त्याचा प्रश्न होता की मासा वाचला का. या प्रश्नापुढे एकट्या माणसाचा चांगुलपणा अपुरा पडतो, हे कबूल केले पाहिजे.

हा अपुरेपणा समुद्रावरच्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच पाण्यात लोटायच्या, ही कोकण किनाऱ्याची जुनी रीत. त्यात खवळलेल्या समुद्राची भीती होती, तशी माशांच्या विणीच्या काळाची सोयही होती. आजचा कायदा तेच म्हणतो: १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांनी मासेमारी करायची नाही. या दिवसांत संयम कोणा एकट्याचा नसतो. सगळ्याच नौका किनाऱ्यावर असतात, त्यामुळे पलीकडच्या होडीकडे बोट दाखवायला होडीच नसते. मालवणची रापणही अशीच. एक लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळात टाकायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक घरांच्या माणसांनी ओढायची आणि मिळेल त्या मासळीचे ठरलेले वाटे करायचे. ती ओढणाऱ्यांत हिंदू घरे आहेत, तशी आपली ख्रिस्ती घरेही आहेत. एकट्याच्या हव्यासाला रापणीत फारसा वाव नसतो.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक लेख लिहून सांगितले, की सर्वांच्या मालकीचे कुरण असेल तर प्रत्येक जण आपले एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपते. मुलाच्या प्रश्नातली हीच निराशा आहे. पण एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन विदुषीने जगभरच्या गावांचा अभ्यास करून दाखवले की नेहमी असेच होते असे नाही. तुर्कस्तानात अलान्या नावाच्या गावी मच्छीमार मासेमारीच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकत आणि मग रोज एकेक जागा पुढे सरकत, म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई. हा नियम त्यांनी स्वतःच आपापसात बोलून केला होता. २००९ साली ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचे म्हणणे आम्हाला असे समजले: 'दुसरा घेईल' याला उपाय म्हणजे त्या दुसऱ्याशी बोलणे.

आता त्या गार शिशाकडे वळू. मुलाने ते गालाला लावले आणि विसरून गेला. पण त्या गारव्यातही एक धडा आहे. पावसाळ्यातल्या वाऱ्यांमुळे आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्रातले थंड पाणी वर सरकते. त्या पाण्याबरोबर तळातली पोषक द्रव्ये येतात, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर तारली, बांगडा पोसला जातो. पावसाचे गोडे पाणी समुद्रावर पातळ थरासारखे पसरते आणि ऑक्टोबरपर्यंत वर कोमट आणि खाली गार, असे दोन थर राहतात. त्या खालच्या थरात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे मासे वर आणि किनाऱ्याकडे सरकतात. म्हणजे समुद्र भरलेला असतो आणि मासाही हाताशी येतो. ही समृद्धी कोणा मच्छीमाराने निर्माण केलेली नाही, नौकेच्या मालकाने नाही आणि सरकारनेही नाही. जे हाताशी आले ते सगळे आपलेच, असे मानण्याचा मोह नेमका अशाच वेळी होतो. आपण जे पेरले नाही त्याचे आपण पूर्ण मालक कसे होऊ?

मालवणहून कोल्हापूरला येताना घाट चढल्यावर राधानगरी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवरच्या या धरणाचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतले. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा धरण अपुरे होते. ते पूर्ण झाले स्वातंत्र्यानंतर. ज्यांचे चेहरे महाराज कधीच बघणार नव्हते, त्यांच्या शेतांना आज ते पाणी मिळते. काकांनी सोडलेली तांबोशी मोठी झाली, तिने अंडी घातली, तर ती पिल्ले कोणाच्या जाळ्यात येतील हे काकांना कधीच कळणार नाही. कदाचित पलीकडच्या होडीतल्या माणसाच्या नातवाच्या जाळ्यात. फळ आपल्याला दिसणार नाही, म्हणून कर्तव्य संपत नाही.

समुद्रावर गेलेल्या बापलेकांची गोष्ट निघाली की आम्हाला शुभवर्तमानातला जब्दी आठवतो. योहान आणि याकोब प्रभूच्या मागे गेले, हे आपण नेहमी ऐकतो. पण त्या क्षणी ते काय करत होते, हे संत मार्क सांगतो: बापाबरोबर होडीत बसून ते जाळी नीट करत होते. जब्दीने मुलांना काय उपदेश केला, हे कुठेही लिहिलेले नाही. लिहिले आहे ते एवढेच, की काम शेजारी बसून चालले होते. मुले बहुधा अशीच शिकतात. वडिलांचे "गप्प बस" मुलाने मनावर घेतले नाही, आमचे प्रवचनही घेतले नाही. काकांचा भिजवलेला हात मात्र त्याने आम्हाला दोनदा करून दाखवला.

आणि आता आमची स्वतःची गोष्ट. हा विचार चालू असतानाच एका दुपारी आमच्या ताटात तळलेली पापलेटे आली. तळहातात मावतील एवढी लहान. स्वयंपाकघरात विचारले तर उत्तर मिळाले, "फादर, मोठी परवडत नाहीत." मालवणची, रत्नागिरीची मासळी घाट चढून कोल्हापुरात येते ती आपण विकत घेतो म्हणून. तेव्हा आम्हाला कळले की त्या सकाळी समुद्रात आणखी एक होडी होती आणि तिच्यात आम्ही बसलो होतो. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा धरायचा नाही. कायदा होडीला लागू आहे; पण लहान पापलेटला गिऱ्हाईक आहे तोवर ते कोणी ना कोणी धरणारच. मच्छीमार म्हणतो, "मी नाही धरले तर दुसरा धरेल." आपण म्हणतो, "मी नाही घेतले तर दुसरे गिऱ्हाईक घेईल." वाक्य तेच आहे.

प्रत्येक लहान मासा पिल्लूच असतो असे मात्र नाही. मांदेली, मोतके पूर्ण वाढले तरी लहानच राहतात. ते खुशाल खावेत. ज्यांचा खिसा लहान आहे त्यांना तर तारली आणि बांगडा पुष्कळ झाला. प्रश्न आहे तो वाढू न दिलेल्या सुरमईचा, पापलेटचा, तांबोशीचा. ज्या घरात रविवारी एक मासळी आणतानाही हिशेब करावा लागतो, त्या घराला दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. ज्यांना निवड करता येते त्यांच्याशी आम्ही बोलत आहोत, आणि त्यात आम्ही स्वतः पहिले आहोत.

दोन आठवड्यांनी मुलगा ठरल्याप्रमाणे आला. आम्ही त्याला सांगितले, "तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. काकांनी सोडला म्हणून मासा वाचलाच असेल असं नाही. पण ठेवला असता तर तो नक्की गेला असता. आणि पलीकडच्या होडीत तुझ्याएवढाच एखादा मुलगा असेल, तर तोही तुमच्या होडीकडे बोट दाखवून हेच विचारत असेल."

मुलगा थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "मग त्याला सांगायला पाहिजे, आम्ही सोडला म्हणून. त्यांना दिसलाच नसेल."

हे आम्हाला सुचले नव्हते.

२००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाल्यापासून आपण कोल्हापूरकर आणि ते मालवणकर एकाच धर्मप्रांतातले आहोत. त्यांच्या होडीचा आणि आपल्या ताटाचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. या रविवारी मिस्सेनंतर आपल्यातले कित्येक जण थेट मासळी बाजारात जातील. तिथे बोटभर पापलेटांचा वाटा समोर आला तर मावशींना एवढेच म्हणावे, "मावशी, ही लहान आहेत, ही नकोत. बांगडा द्या." त्या म्हणतील, "तुम्ही नाही घेतली तर दुसरं कोणी घेईल." तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये. बांगडा घ्यावा, आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आपण पापलेट का घेतली नाहीत, ते सांगून घरी यावे. सोबत मुले असतील तर त्यांच्या देखत सांगावे.

आपला,
धर्मगुरू